जावेचा साहेब

माझ्या धाकट्या जावेच्या पणजोबांचे वडील इंग्रज होते. दिराने तिच्याशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा हे कळलं आणि घरात मोठा कालवा झाला. ती कोल्हापुरातल्या ख्रिस्ती घरातली, आम्ही उचगावचे, ऊस आणि म्हशीवाले. सासरे, म्हणजे आबा, कितीतरी दिवस दिराशी बोलत नव्हते. मी मात्र शिरोळहून सगळ्यांच्या पसंतीने, वाजतगाजत आलेली थोरली सून. माझी जागा पक्की आहे, असं मी धरून चालले होते.

गेल्या वर्षी जावेने त्या इंग्रजाचा माग काढायला घेतला. तो फौजेतून आला, फौज सोडून इकडेच रस्त्यांच्या कामावर राहिला आणि इथल्याच मुलीशी लग्न केलं, एवढंच तिच्या घरात माहीत होतं. तिकडच्या चर्चमधल्या जुन्या नोंदी आणि जनगणनेची पानं आता इंटरनेटवर बघायला मिळतात. पण अक्षर असलं की मुंग्यांची रांग बरी. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. "अक्का, तेवढं वाचून बघा की."

मग रविवारी दुपारी आम्ही दोघी सोप्यात बसायला लागलो. सुरुवातीला मला मजा वाटली. पुढे आबा खुर्ची ओढून आमच्या मागे बसायला लागले आणि माझं चित्त थाऱ्यावर राहीना. "ह्यो त्योच काय गं?" "न्हाय आबा, हा दुसरा." "मग त्यो कुठं गेला?" असं दोघांचं चालायचं. या घरात येऊन मला वीस वर्षं झाली. माझ्या आजोबांचं नाव काय, हे आबांनी मला एकदाही विचारलेलं नाही.

एके दिवशी सापडला. एका खेड्यातल्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद होती, आईबापांच्या नावांसकट. त्यावरून जनगणनेत त्याचं घरही मिळालं. आई, बाप, पाच पोरं. बापाच्या नावापुढे धंदा लिहिला होता, 'अॅग लॅब'. दीर ओरडला, "लॅब! शेतीची प्रयोगशाळा! शास्त्रज्ञ होता की गं!" दुसऱ्या दिवशी आबांनी ते डेअरीवर सांगितलं, संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं. बायका मला थांबवून विचारायला लागल्या, "तुमच्या जावंचा पणजा शास्त्रज्ञ हुता म्हनं?" आधीच तिचा गोरा रंग, तिचं लाघवी बोलणं, त्यात आता हे. मला जेवण गोड लागेना.

मला ती लॅब पटत नव्हती. शाळेतल्या कॉम्प्युटरवर शोधलं तर कळलं, की तो शब्द तोडून लिहिलेला आहे. पुरा शब्द 'अॅग्रिकल्चरल लेबरर', म्हणजे शेतमजूर. मी एकटीच हसले. खोटं कशाला सांगू, गुलाल उधळावा असं वाटलं.

घरी जाऊन लगेच सांगितलं नाही. रविवारी आत्यासासूबाई आणि त्यांचे यजमान जेवायला होते, तेव्हा पंगतीतच म्हणाले, "ते प्रयोगशाळेचं चुकलं बरं का. तो माणूस शेतमजूर होता. आणि त्याची बायको लोकांचे कपडे धुवायची, खाली तसं लिहिलंय."

जाऊ माझ्याकडे बघतच राहिली. दीर खाली बघून भाकरी कुस्करत होता. आणि आबा एकदम मोठ्याने हसले.

"म्हंजे आपल्यातलाच की! आमचा बा लोकाच्या रानात राबून म्हातारा झाला. आन् मी हितं साहेब साहेब करून भ्यालोय!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं बघतीस काय, वाढ की तिला रस्सा."

मी वाढला.

त्यानंतर तर ती त्यांची लेकच झाली. आणि माझा मत्सर तिच्यापाशी थांबला नाही, तो त्या कपडे धुणाऱ्या बाईपर्यंत जाऊन पोचला. इंग्लंडातल्या कुठल्या खेड्यातली गरीब बाई, पण तिचं नाव, वय, जन्मगाव, सगळं लिहून ठेवलेलं. माझ्या सख्ख्या पणजीचं नाव मला ठाऊक नव्हतं.

दिवाळीनंतर माहेरी गेले तेव्हा दारात हेळवी आला होता. घराण्याच्या पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवतो आणि धान्य घेऊन जातो. त्याने खणखणीत आवाजात आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा सांगितले. मी विचारलं, "आणि पणजी?"

"बायांची नावं आमच्यात न्हाईत, ताई."

मग आत्तीला, वडिलांच्या थोरल्या बहिणीला विचारलं. ती नव्वदीला टेकलेली. म्हणाली, "तिला समदी नांदणीकरीन म्हनायची. नावानं कोण हाक मारतंय? एक फोटू हुता, त्यो म्हापुरात गेला."

घरी आल्यावर जावेने माझी पणजी कुठली म्हणून विचारलं, तेव्हा मी तुटकपणे म्हणाले, "नांदणीची होती."

"मग नांदणीला जाऊया की अक्का!"

नको म्हणायला कारण सापडेना. गेलो, तिच्याच स्कूटरवर. देवळाच्या कट्ट्यावर म्हातारी माणसं बसली होती. "पावणं कुठलं?" त्यांनी विचारलं, तर मी तोंड उघडायच्या आत ही कट्ट्यावर बसून सगळं सांगायला लागली. शिरोळला दिलेली लेक, फार जुनी गोष्ट, घराणं माहीत नाही. माणसं तिच्याभोवती जमली. कुणी म्हणालं वरच्या आळीतली असेल, कुणी म्हणालं मळ्यातली. एका आजीने तिचा हात धरून घरी नेलं. मी मागून.

नाव काही मिळालं नाही. चहा मिळाला. माझ्या पणजीच्या गावात पहिला कप तिच्या हातात गेला, आणि आजी मला म्हणाली, "ही तुमची कोण? लई गुणाची हाय."

"धाकटी जाऊ," मी म्हणाले आणि बशीत चहा ओतला.