गोली किधर छुपाया?

ते प्रकरण अजून लख्ख आठवते, कारण त्यात मी जप्त केलेला मुद्देमाल म्हणजे निव्वळ हवा होती. पंचनाम्यावर माझी सही आहे, दोन पंचांच्या सह्या आहेत आणि मधोमध लिहिले आहे, ‘एक चामड्याचा गोळा, कापून पाहता आत काही नाही.’

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षे. मी गिरगावातल्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. वय तिशीच्या आत, मिशी नवी. पोलीस लायनीत खोली मिळाली नव्हती म्हणून राहायला घोडपदेवच्या चाळीत. शहरात गोळीबार झाले आणि चाळ माझ्याशी बोलेनाशी झाली. मी स्वतः कुणावर बंदूक उचलली नव्हती, पण वर्दी ती वर्दी. मी नळावर गेलो की बादल्या बाजूला व्हायच्या, आणि ते काही मानाने नव्हे. गॅलरीत पोरे माझ्याकडे बघून ‘झालाच पाहिजे’ ओरडायची. मलाही तो झालाच पाहिजे असे वाटत होते, फक्त मला ओरडायची सोय नव्हती. शेवटी बायकोला मुलांसकट कोकणात माहेरी पाठवले. संध्याकाळी स्टोव्ह पेटवायचा, एकट्यापुरता भात लावायचा आणि शेजारच्या खोलीतले हसणे भिंतीतून ऐकत तो खायचा.

आता फुटबॉलकडे येतो. देशभराची अशी लीग तेव्हा नव्हती. मुंबईकराला शहराची पहिल्या वर्गाची लीग हीच दुनिया. मिलचे, गोदीचे, बँकांचे, रेल्वेचे क्लब तीत खेळत. मोसमाच्या आधी प्रत्येक खेळाडूने लीगच्या कचेरीत स्वतः जाऊन रजिस्टरात सही करायची. ज्या क्लबाच्या पानावर सही, त्या क्लबाचा तो वर्षभर. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचला रजिस्टर बंद. त्यामुळे सहीच्या आठवड्यात क्लबांचे सेक्रेटरी एकमेकांचे खेळाडू पळवत, आणि आपला परत पळवला जाऊ नये म्हणून त्याला कुठेतरी लपवून ठेवत. हे सगळ्या गिरणगावाला माहीत होते. मला नव्हते. मी कॅरमचा माणूस.

लालबागच्या एका मिलमध्ये एक गोलकीपर होता. मालवणकडचा, पंचविशीचा, ताडमाड उंच. मिलच्या क्लबाकडून खेळायचा, पण नोकरीत बदली कामगार. म्हणजे रोज सकाळी गेटवर उभे राहायचे. कुणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर घरी. तीन वर्षे तो असा गेटवर उभा होता. मग परळच्या दुसऱ्या मिलने सांगितले, ‘आमच्या पानावर सही कर, दुसऱ्या दिवसापासून कायम.’ सहीचा शेवटचा दिवस सोमवार. तोवर त्याला खोताच्या वाडीत एका माडीवर ठेवले होते. हे सगळे मला नंतर कळले. तुम्हांला आधी सांगतो, म्हणजे मी काय करत होतो ते तुम्हांला माझ्यापेक्षा बरे समजेल.

माझा बातमीदार म्हणजे हॉटेलातून घरोघर चहा पोचवणारा एक पन्नाशीचा गृहस्थ, मूळचा मंगळूरकडचा. त्याच्या मराठीत लिंगाचा पत्ता नसे. चहा ‘ती’ आणि बशी ‘तो’. रविवारी तो ठाण्यात आला आणि कुजबुजला, “साहेब, खोताच्या वाडीत गोली लपवलाय. सोमवारपर्यंत भाईर काढणार नाय.”

“किती?” मी विचारले.

“एकच. पण लई भारी, म्हणतात.”

“एकच कशी असेल?”

“दुसरा कशाला पायजे साहेब? एक बस.”

मी वहीत लिहिले, ‘गोळ्या लपवल्या आहेत. साठा भारी.’ एका ओळीत मी अक्षर, लिंग आणि वचन तिन्ही बदलले. तो बिचारा त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा शुद्ध बोलला होता. गोलकीपरला आख्खी मुंबई ‘गोली’ म्हणते. पण सोमवारी चौपाटीवर चळवळीची मोठी सभा होती, आणि माझ्या डोळ्यांपुढे काडतुसांच्या पेट्या होत्या. त्या पेट्यांच्या मागे बढतीही उभी होती, हे कशाला लपवू?

सोमवारी सकाळी दहाला आम्ही चौघे वाडीत शिरलो. घरमालकीण एक ख्रिस्ती म्हातारी. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. “जिना जुना हाय. एकेक करून चढा रे, पलटण आणू नका.” आम्ही पलटण नेली. तिसऱ्या पायरीतून माझा पाय आरपार गेला, आणि छाप्याची सुरुवात मला वर ओढून काढण्याने झाली.

माडीवर तो एकटा होता, पेज पीत. खाटेखाली पंच्यात गुंडाळलेले काहीतरी वाटोळे. बाँब असेल तर, म्हणून नियमाप्रमाणे मी ते पाण्याच्या बादलीत सोडायला लावले. ते तरंगले. माझ्याबरोबरचे हवालदार मालवणी, निवृत्तीला आलेले. त्यांनी पंचा सोडला. “साहेब, ह्यो फुटबॉल आसा.”

“तेच तर!” मी म्हणालो. “आत भरल्या असतील.” आणि चाकू मागवला.

चेंडू कापताना तो माणूस पुढे झेपावला. दोन शिपायांनी त्याला धरले. त्याची ती झेप मी गुन्ह्याची कबुली समजलो. बॉलवर त्याचा जीव असेल, हे डोक्यात आले नाही.

अकराला त्याला ठाण्यात आणले. कुणालाही आणले की ठाण्याच्या डायरीत नोंद करायची, हा पहिला धडा. ठाणे अंमलदाराने लेखणी उचलली तसा मी त्याला थांबवले. “थांबा हो. साठा सापडू दे, मग झोकात नोंद करू.” इन्स्पेक्टर साहेब चौपाटीच्या बंदोबस्तावर होते. मला थांबवणारे कुणी नव्हते.

दरडावायचे ते हिंदीत, ही आमच्या ठाण्याची रीत. मी टेबलावर मूठ आपटली. “गोली किधर छुपाया?”

“कोण गोली? माका म्हायत नाय.”

कुठली नव्हे, कोण! व्याकरणाने मला दुसरी संधी दिली होती. तीही मी घालवली.

“कौन लाया गोली को?”

“कोणी कशाक आणीत? आपल्या पायांनी गेलो आसात.”

“गोली अपने पाँव से जाती है?”

त्याला वाटत होते, जुन्या मिलने पोलिसांना हाताशी धरून त्याचा शोध लावला आहे. मला वाटत होते, असा पक्का माणूस मी पाहिला नाही. नाव विचारले, सांगेना. गाव विचारले, सांगेना. फक्त दर पाच मिनिटांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा. मी चौपाटीवर जादा कुमक पाठवायचा निरोप धाडला. असे पाच तास गेले.

चारच्या सुमाराला हवालदार मला दाराशी घेऊन गेले. “साहेब, ह्यो मारल्यान बोलाचो नाय. ह्येका कोणीतरी शपथ घातलेली हा.” मग वळून त्यालाच विचारले, “नारळावरची काय रे, झिला?”

त्याने मान डोलावली. नाव-गाव-क्लब कुणाला सांगणार नाही, अशी नव्या क्लबाच्या सेक्रेटरीने त्याच्याकडून देवासमोर नारळावर हात ठेवून शपथ घेतली होती.

“मगे ती सोडवूक व्हयी,” हवालदार म्हणाले. शिपायाला पाठवून नारळ आणवला, टोपी काढली आणि कोठडीच्या दारात उभे राहून गाऱ्हाणे सुरू केले. कोकणातली रीत अशी की एकाने देवाला गाऱ्हाणे घालायचे आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे.

“बा देवा म्हाराजा! ह्या पोराक तुझी शपथ घालून त्येचा तोंड बंद केल्यानी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” शिपाई म्हणाले.

“ता त्येच्या पोटासाठी होता, आता त्येच्याच पोटार येता हा रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि आमच्या सायबाची अक्कल खंय गेली आसात ती जाग्यार आणून घाल रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. काय बोललो ते नंतर कळले.

नारळ फुटला. त्याबरोबर तो उठून उभा राहिला. “साहेब, मीच गोली. पाच वाजता रजिस्टर बंद होता. माका सोडा.”

हवालदारांनी मला गोली आणि रजिस्टर म्हणजे काय ते समजावेपर्यंत सव्वाचार झाले होते. मी त्याला सोडले नाही; मी त्याला नेऊन पोचवायचे ठरवले. चुकीची भरपाई झोकात करायची हौस. पोलीस गाडी काढली, त्याला मागे बसवला आणि निघालो. ठाकूरद्वारच्या नाक्यावर चौपाटीला निघालेला मोर्चा आडवा आला. गाडीच्या जाळीतून लोकांना एक मराठी तरुण दिसला, बनियनवर, केस विस्कटलेले.

“अरे, आपल्या पोराला धरून नेतायत! सोडवा रे!”

दार उघडले गेले, तो बाहेर, माझी टोपीही बाहेर. त्याला खांद्यावर घेतले. तो जिवाच्या आकांताने ओरडत होता, “माका मैदानार जावचा हा! मैदानार!” लीगची कचेरी फुटबॉलच्या मैदानाला लागून होती, तिकडे दक्षिणेला.

“मैदानावर जायचं म्हणतोय! वाघ आहे, वाघ! चला चौपाटीवर!”

आणि ‘झालाच पाहिजे’च्या गजरात हजारो माणसे त्याला उलट दिशेने घेऊन गेली. डोक्यांच्या वर तो मला बराच वेळ दिसत होता, हात हलवणारा. लोकांना वाटले, अभिवादन करतोय. त्याला खाली उतरवले तेव्हा पावणेसहा झाले होते.

इथवरची गोष्ट मी निवृत्तीनंतर पुष्कळ बैठकांत सांगितली आहे. ‘व्हय म्हाराजा’ला लोक पोट धरून हसतात. त्याला खांद्यावर घेतले की मी थांबतो. पुढचे आज पहिल्यांदा सांगतो आहे.

चार दिवसांनी संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारावर थाप पडली. कित्येक महिन्यांत चाळीत माझे दार कुणी वाजवले नव्हते. बाहेर तो उभा, हवालदारांकडून पत्ता घेऊन आलेला. लीगची कमिटी पुढच्या शनिवारी बसणार होती. सोमवारी सव्वाचारपर्यंत तो पोलिसांच्या ताब्यात होता असे ठाण्याने लेखी दिले, तर रजिस्टर त्याच्यापुरते उघडू, असे कमिटीने कबूल केले होते. परळच्या मिलनेही तोवर जागा ठेवली होती.

“बघतो,” मी म्हणालो. “बस, चहा घे.”

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर साहेबांना सांगितले. त्यांनी पंचनामा माझ्या अंगावर फेकला. “डायरीत नोंद आहे? नाही ना? मग तो माणूस ठाण्यात आलाच नव्हता. लिहून दे हवं तर, आणि खाली तुझा राजीनामाही जोड.”

तो पुन्हा आला. येताना आईने दिलेले सुके बांगडे घेऊन. मी ते भाजले. दोघांचा भात लावला. मी विचारले, गोली व्हायचे कसे सुचले? तो हसला. “गोल झालो की धा जण थंय एकमेकांच्या गळ्यात पडतत. मी हंय एकटोच उड्यो मारतंय. माझ्याकडे धावान येतत ते शिव्या घालूक.” मी इतका हसलो की शेजारच्या खोलीतला आवाज बंद झाला. त्यांनी माझे हसणे भिंतीतून ऐकले असेल.

जाताना म्हणाला, “कागदाचा तेवढा बघा साहेब.”

कागद मी त्याच रात्री लिहिला होता. तीन ओळींचा, माझ्या सहीचा. तो शर्टाच्या खिशात घेऊन मी फिरत होतो. गुरुवारी तो आला तेव्हाही खिशात होता. “मोठ्या साहेबांची सही बाकी आहे,” मी म्हणालो. “उद्या ये.” नोकरीची भीती होती, ती तर होतीच. पण दुसरे एक कारण होते, ते बायकोलाही कधी सांगितले नाही. कागद हातात पडला की त्याला माझ्या दाराशी यायचे कारण उरणार नव्हते.

शुक्रवारी तो आला. मी आतून कडी घातली होती. त्याने दोनदा वाजवले. शेजारीण, जी माझ्याशी चकार शब्द बोलत नसे, ती गॅलरीतून म्हणाली, “आत आहेत हो ते, मघाशीच आले.” मी खाटेवर बसून राहिलो.

“साहेब,” तो दाराला तोंड लावून म्हणाला, “बरा नाय काय तुमका?”

थोडा वेळ तो थांबला. मग चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला.

शनिवारी कमिटीने रजिस्टर उघडले नाही. परळच्या मिलने बंगलोरहून दुसरा गोली आणला (बाहेरगावच्या खेळाडूंना सहीची मुदत महिनाभर जादा असे) आणि त्याला कायम केले. लालबागच्या क्लबाने फुटून गेला म्हणून ह्याचे नाव काढून टाकले. तो परत गेटवर बदलीच्या रांगेत उभा राहू लागला. पुढच्या वर्षी सहीच्या आठवड्यात त्याला कुणी लपवले नाही.

मला बढत्या मिळत गेल्या. या प्रकरणाने काय शिकवले, असे विचाराल तर एकच सांगतो. गोलीची गोळी ऐकली, चेंडू कापला, नारळ फोडला, या चुका माणूस चारचौघांत सांगून मोकळा होतो, त्यांत त्याचे काही जात नाही. जी चूक एकट्याने, शुद्धीवर असताना, कडी लावून केली, ती सांगायला मला इतकी वर्षे लागली. खिशातला तो कागद कधीच गेला. मजकूर पाठ आहे. त्याचा आता कुणाला उपयोग नाही, तरी लिहून देतो:

‘सदर इसम सोमवारी सकाळी अकरापासून दुपारी सव्वाचारपर्यंत आमच्या ताब्यात होता. त्यास विनाकारण धरून ठेवण्यात आले. वेळेत हजर न राहण्यात त्याचा काही दोष नाही.’