अन्वीनं फोडलेला कप

वरदा म्हणजे एक नंबरची हट्टी बाई. मी तिची सख्खी जाऊ, त्यामुळे असं म्हणायचा मला हक्क आहे. ब्रिस्टलमध्ये विमानांचे पार्ट तपासण्यात तिची उभी हयात गेली. रिटायर झाल्यावर बायका क्रूझवर जातात, आणि ही बया एका जपानी बाईकडे फुटकी भांडी जोडायला शिकली!

कारण एकच, तिची लेक अन्वी. तिच्या नवऱ्याला, विष्णूभावजींना कॅन्सर निघाला तेव्हा पोरीची फायनल तोंडावर होती. "परीक्षा होऊ दे, नंतर सांगू," असं वरदानं ठरवलं. आपल्याकडे असंच करतात ना, पोरांच्या काळजीपोटी! पेपर संपायच्या आत भावजी गेले. अन्वी आली, बापाचा चहाचा निळा कप भिंतीवर आपटला नि निघून गेली. त्यानंतर वर्षानुवर्षं घराकडे फिरकली नाही.

ते तुकडे वरदानं जपून ठेवले होते. जोडायला लागतो एका जपानी झाडाचा चीक, तो मेला बिब्ब्यासारखा अंगावर उततो. बाईचे हात कोपरापर्यंत सुजले, खाजवून रक्त आलं, तरी हटली नाही. तो म्हणे दमट हवेतच वाळतो, म्हणून बॉयलरच्या कपाटात ओला टॉवेल टांगून दर थरानंतर वाट बघायची. शेवटी सांध्यांवर सोन्याची पूड. त्यांची रीतच अशी, तडा लपवायचा नाही, मिरवायचा. कप असा देखणा झाला की मला रडूच आलं, खोटं कशाला बोलू?

अन्वीनं मेडनहेडला घर घेतलं नि मला बोलावलं. मी वरदालाही गाडीत घातलं, कपाच्या बॉक्ससकट. पोटची पोर काय दारातून हाकलणार आहे?

नाही हाकललं. तिनं बॉक्स उघडला, कप हातात फिरवला, सोन्याच्या रेषेवरून हळूच बोट नेलं. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

"मम," ती म्हणाली, "डॅडचं कॅन्सर तू माझ्यापासून हाइड केलंस. आणि मी ब्रेक केलं, ते गोल्डमध्ये दाखवतेस?"

अगं, बोल की काहीतरी, मी मनातल्या मनात वरदावर ओरडत होते.

"तुझी परीक्षा होती गं..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

अन्वीनं कप परत बॉक्समध्ये ठेवला, झाकण लावलं नि बॉक्स आईच्या हातात दिला.

"काकू, तुम्ही चहा घेणार?" तिनं विचारलं. फक्त मला.