बांधाच्या फोटोसाठी खिडकीची सीट

स्क्रीनवर चेक-इन उघडलं होतं. उजव्या बाजूच्या तीन-चार खिडक्या मोकळ्या दिसत होत्या. आणि मेडशीचे तुळशीरामकाका माझ्या माउसवर हात ठेवून बसले होते.

“आज अमोशा हाय भाऊ. बटन नोको दाबू.”

वाशीमला माझं तिकीट बुकिंगचं ऑफिस आहे. काकांच्या पुण्यातल्या मुलीनं त्यांचं नागपूर-पुणे विमानाचं तिकीट माझ्याकडून काढलं होतं. काकांचा हा पहिलाच विमानप्रवास. वेब चेक-इन म्हणजे विमानतळावर जाण्याआधीच मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर हजेरी लावायची आणि सीट धरायची. कंपनी ते उड्डाणाच्या दोन दिवस आधी उघडते. चांगल्या सीट तोवर पैसे देऊन गेलेल्या असतात. उरलेल्या खिडक्या उघडताच उडतात. उशीर केला की दोघांच्या मधली सीट गळ्यात पडते.

“काका, उद्या खिडकी राहणार नाही.”

“अमोशेले मी वखर बी नाही धरत. इमानातली जागा कायले धरू?”

गंमत अशी की खिडकीचा हट्ट त्यांचाच होता. धाकट्या भावाशी बांधावरून भांडण. बरीच वर्षं बोलणं बंद.

“नांगरता नांगरता त्यानं बांध कोरला. हातभर वावर खाल्लं माहं. आन उलटा मलेच म्हंते, तुमीच खाल्लं. आता वरतून फोटूच काढतो. चार मानसात दाखवतो.”

विमान साधारण वाशीमजवळून जातं. काकांचं मेडशी गाव उजव्या हाताला पडतं. एवढं मी नकाशावर रेघ ओढून बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी अमावस्या सुटल्यावर काका टिळा लावून हजर. मी स्क्रीन उघडली आणि मनातल्या मनात चिडलो. उजवीकडे एकच खिडकी शिल्लक, तीही शेवटच्या रांगेत. ही सीट कुणी घेत नाही. पाठ मागे जात नाही, शेजारी टॉयलेटचं दार वाजत राहतं. नाइलाजानं तीच धरली. मग सीटचा नकाशा नीट पाहिला. कालच्या सगळ्या मोकळ्या खिडक्या पंखावर होत्या. तिथून खाली पाहिलं की पंखाचा पत्रा दिसतो. शेवटच्या रांगेतून जमीन मोकळी दिसते.

पुण्यात उतरल्यावर त्यांचा फोन आला. आवाज एकदम खाली, देवळातून नुकतेच बाहेर आल्यासारखा.

“भाऊ, मेडशी दिसली. तलावावरून वळखली. तूर फुलली हाय ना, सारं पिवळं पिवळं. एवढी जमीन हाय आपल्याकडं, मले ठाऊकच नव्हतं. मी तं हातच जोडले.”

“आणि बांध?”

“कायचा बांध. माहं वावर कोनतं आन त्याचं कोनतं, काईच समजलं नाही. फोटू काढाचा राहूनच गेला.”

मग ते मुद्द्यावर आले.

“आत्ता धाकल्याले फोन लावला. उचलला त्यानं. त्याचं बी एक तिकीट काढ. खिडकीचं.”

मी लगेच तिकिटाची स्क्रीन उघडली. तलाठ्याला जमलं नाही, मोजणीवाल्यांना जमलं नाही, पाहुण्यारावळ्यांना जमलं नाही. ते टॉयलेटशेजारच्या एका सीटवर झालं.

चेक-इन उघडताच करावं, हे मी आजही प्रत्येकाला सांगतो. फक्त पंख कुठं आहे, ते आधी बघतो.