पळत की चालत

बाई पाहुण्याच्या तोंडाकडे कधी बघत नसत. शाळेच्या फाटकाशी लिंबाखाली एक बाकडं होतं. मुलाला घरी न्यायला आलेला माणूस तिथं बसायचा. बाई त्याच्याशी ऊसपाण्याचं बोलायच्या, नजर मात्र त्याच्या खांद्यावरून पलीकडे, मैदानावर. वसतिगृहातून निघालेलं मूल ते मैदान ओलांडून कसं येतं, एवढंच त्या बघायच्या. पळत आलं तर लगेच सोडायच्या. रेंगाळत आलं तर पाहुण्याला आणखी एक कप चहा मिळायचा आणि मूल शाळेतच राहायचं.

"पावण्याला पाणी द्यावं, पोर देऊ नये," असं त्या म्हणायच्या.

ही सत्तरनंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. कोल्हापूरबाहेर उसाच्या रानाला लागून आमची इंग्रजी माध्यमाची निवासी शाळा होती. बागायतदारांची, साखर कारखान्यातल्या साहेबांची मुलं. काहींचे आईवडील नोकरीसाठी थेट आखातात. बाई मुख्याध्यापिका, कोडोलीच्या शेतकरी घरातल्या. वर्गात त्यांचं इंग्रजी स्वच्छ, फाटकाशी आल्या की गावची बोली. मी नुकताच लागलेला शिक्षक, वसतिगृहातच राहायचो. आमच्याकडं दारात आलेल्याला 'तू खरा कोण' असं विचारणं म्हणजे त्याचा अपमान. मामा म्हणाला की तो मामा. म्हणून बाई माणसाला विचारतच नसत, मुलाच्या पावलांना विचारत.

एकदा गडमुडशिंगीचा एक बाप पायाला रानातला चिखल तसाच घेऊन आला. पोरगा मैदानातून असा सुटला की बापाच्या पोटावर जाऊन आदळला आणि बाप बाकड्यावर बसला. "न्या, न्या," बाई हसत म्हणाल्या, "ह्याला काय इचारायचं?"

त्यांचं चुकायचंही. एका संचालकाच्या मेहुण्याला त्यांनी दोन कप चहा पाजून रिकामा परत लावला. भाचा कबड्डीत गुडघा फुटल्यामुळं हळू आला होता, हे नंतर कळलं. संचालक तणतणत आले, "बाई, सख्खा मामा होता की हो त्यो."

"असू दे की. दोन दिस पोरगं रुसंल. रुसलेलं पोरगं मला चालतंय."

शिक्षकांच्या खोलीत आम्ही यावर पोट धरून हसलो. मीही.

एका शनिवारी बाई कामासाठी शहरात गेल्या होत्या आणि फाटक माझ्याकडं होतं. जीपमधून एक पांढऱ्या कपड्यातले गृहस्थ उतरले. पाचवीतल्या एका मुलीचे चुलते. तिचे आईवडील आखातात, त्यामुळं इथं पालक म्हणून हेच. मी मुलीला बोलावलं. ती चालत आली. मैदानाच्या मधोमध खाली बसली, बुटाची नाडी बांधली. मग दुसऱ्या बुटाची. दोन्ही नाड्या आधीच बांधलेल्या होत्या.

मी पुटपुटलो, "आज जरा अभ्यास होता."

"काय मास्तर, पावण्याला दारातनं परत लावायची रीत हाय व्हय तुमच्या शाळेत? पोरीनं घरचं जेवायचं न्हाई?"

मला लाज वाटली. मी फाटक उघडलं.

संध्याकाळी बाईंनी विचारलं, "कशी आली? पळत की चालत?"

"पळत," मी म्हणालो. बोलणी खायला नकोत, एवढ्यासाठी.

पुढच्या महिन्यात ते पुन्हा आले. या वेळी बाकड्यावर बाई होत्या, मी शेजारी उभा. मुलगी चालतच आली. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "मागच्या बारीला पळत आलती न्हवं?" मी मान डोलावली. "मग आज कणकण असंल," म्हणून त्यांनी तिच्या कपाळाला हात लावून बघितला आणि तिला पाठवली.

दिवाळीत मुलीची आई परत आली, तेव्हा मुलीनं सांगितलं. प्रत्येक वेळी घरी नेऊन त्या माणसानं तिच्याशी करू नये ते केलं होतं. घराण्याची अब्रू म्हणून सगळं दाबलं गेलं. मुलीला शाळेतून काढलं. संचालकांच्या बैठकीत बाई एवढंच म्हणाल्या, "मी पाठवली. माझे डोळे चुकले." आणि राजीनामा दिला. त्याच खोलीत भिंतीला लागून मी बसलो होतो. बोललो नाही.

नंतर वर्षातून एखाद्या वेळी मी कोडोलीला जायचो. बाई कट्ट्यावर बसलेल्या असत. शेजारचं एखादं मूल बोळातून येऊ लागलं की त्या तोंड फिरवायच्या. "मला आता कळत न्हाई, मास्तर. तुम्हीच बघा, कसं येतंय." मी बघायचो, त्यांचा चहा प्यायचो आणि शेवटची एसटी पकडायचो. अशी कितीतरी वर्षं.

गेल्या वर्षी त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी सांगितलं. ती चालत आली होती, मी खोटं बोललो, तुमचे डोळे चुकले नव्हते. वाटलं होतं, शिव्या देतील. नाहीतर निदान त्यांचे डोळे तरी त्यांना परत मिळतील.

त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंसा. पर डोळ्याम्होरं दिसत असताना तुमचं खरं धरलं, ते माझंच." मग माझ्याकडं मान वळवून, "त्या पोरीला कुणी सांगितलं का ओ? तिला वाटत असंल, कुणी बघितलंच न्हाई."

त्यानंतर बाई फार दिवस राहिल्या नाहीत.

ती मुलगी आता बिद्रीकडं कुठंतरी संसारात आहे, असं ऐकतो. तिचं नाव इथं लिहीत नाही, आणि तिच्या दारात जाऊन उभं राहण्याचा मला हक्क नाही. हे तिच्या वाचनात येईल की नाही, ठाऊक नाही. आलं तर एवढंच.

तू चालत आली होतीस. नाड्या दोन्ही बांधलेल्या होत्या. मी बघितलं होतं.