वाकून काढायचा फोटो

पानगळ सरत आली की सागाचं रान न घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखं दिसतं. त्याचे फोटो काढत मी तलावाकाठानं चाललो होतो. एक भलंमोठं पान पाण्याला टेकून पडलं होतं. त्याच्याइतकं खाली गेल्याशिवाय फोटोत जीव येणार नाही, म्हणून मी उकिडवा बसलो, आणखी वाकलो.

"उठा ना जी! असे वाकू नका!"

मागे मोहाच्या झाडाखाली टोपली घेऊन एक बाई उभी होती. वाकलेला माणूस वाघाला जनावर वाटतो, ती म्हणाली. "आमचे मालक इथंच मोहफुलं येचत होते. असेच वाकून."

मी ताडकन उठलो. ज्या रंगावर इतका वेळ भाळलो होतो, तोच रंग अंगावर घेऊन वाघ निजला असेल, हे मनातही आलं नव्हतं.

नंतरचे सगळे फोटो मी उभ्यानंच काढले. घरी ते पाहताना एकाच्या कडेला ती दिसली. मला उठवून ती स्वतः पुन्हा मोहाखाली वाकली होती.