पाठ झालेला फलक

"चष्मा काढ," साहेब माइकवरून म्हणाले. मी काढला.

"आता समोरचा फलक वाच."

मी डोळे बारीक केले, मान पुढं काढली, हातांनी टेबल चाचपडलं आणि हारांच्या ताटावर जाऊन धडकले. मांडवात हशा पिकला.

धडकायला कुणी सांगितलं नव्हतं. ती माझी स्वतःची भर. पहिल्या वर्षी, चौथीत, चुकून धडकले होते. लोक हसले. मग पाचवीत मुद्दाम धडकले, सहावीत ताटासकट.

मग दरवर्षी साहेब स्वतःच्या हातानं तोच चष्मा माझ्या नाकावर चढवायचे. मी तोंडाचा मोठा 'आ' करायचे आणि खणखणीत वाचायचे, "गरीब व गरजू विद्यार्थ्यांना मोफत चष्मेवाटप!" टाळ्या. व्हिडिओवाला ओरडायचा, "पोरी, परत एकदा! काचेवर लाइट मारतोय!" मी परत एकदा आंधळी व्हायचे.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. गाव गडमुडशिंगी. निमित्त साहेबांचा, म्हणजे आमच्या भागातल्या पुढाऱ्यांचा, वाढदिवस. माझे वडील साहेबांच्या जीपवर ड्रायव्हर. साहेबांच्या शिबिरात डोळे तपासले तेव्हा कळलं, मला लांबचं दिसत नाही. लांबून स्वच्छ असं आयुष्यात पहिल्यांदा मी जे वाचलं, तो हा फलक. झाडाची पानं त्यानंतर. आधी गरीब, मग गरजू. मला काही वाटलं नाही. अक्षर सुरेख होतं.

शिबिरातल्या डॉक्टरांनी वडिलांना बजावलं होतं, "वाढतं वय आहे. नंबर वाढणार. दरवर्षी तपासून घ्या." सहावीत फळा पुन्हा पुसट झाला. बाई म्हणाल्या, "चष्मा घातलायस की! मग?" वडिलांनी साहेबांच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "एका पोराला एकदाच. दरसाल द्यायला ती काय पुस्तकं हायत?"

सातवीत पुन्हा स्टेज. फलक तोच, घडी घालून जपलेला. धडकून झालं, हशा झाला. साहेबांनी चष्मा चढवला. समोर एक पांढरा पट्टा. त्यावर निळं काहीतरी.

वाक्य जिभेवर तयार होतं. ते बाहेर आलं नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही.

"वाच की."

"दिसत न्हाय."

मांडव खदखदून हसला. लोकांना वाटलं, यंदाची नवी नक्कल. साहेबही हसले. "लई नाटकी हाय पोरगी!" मग माइकवर हात ठेवून माझी मान दाबली. "बोल. फुकटचं घालतीस न्हवं?"

"दिसत न्हाय, साहेब."

हसणं थांबलं. साहेबांनी माझ्या नाकावरचा चष्मा काढला आणि रांगेतल्या पुढच्या मुलीच्या नाकावर ठेवला. "हिला दिसंल," ते म्हणाले. तिच्या डोळ्यांत भसकन पाणी आलं. चष्म्याचा नंबर माझा होता. तरी तिनं फलक वाचला. तिलाही तो पाठ होता.

मी उतरताना मांडवाच्या खांबाला धडकले. या वेळी खरोखर. कुणी हसलं नाही.

जीपजवळ वडील खाली बघत म्हणाले, "पाठ हाय न्हवं तुला? म्हणायचं व्हतंस की."

"पाठ हाय. दिसत न्हाय."

कपाळाला टेंगूळ आलं होतं. दुखत नव्हतं. पुढचं अख्खं वर्ष चष्म्याविना मी फळा कानांनी शिकले.

पुढं मी शिक्षिका झाले. दर जूनमध्ये वर्गातल्या प्रत्येक पोराचे डोळे तपासून घेते. एकेकाला आत बोलावून, दार लावून. अक्षरांचा तक्ता दर खेपेला बदलते, कारण पोरं पाठ करतात. मला पाठ केलेलं नको, दिसलेलंच पाहिजे.

एकदा साहेबांचा मुलगा शाळेत आला. त्याच्या वडिलांचा वाढदिवस जवळ आलेला. "बाई, स्टेजवर एक पोरगं द्या. जरा धीट बघून."

मी म्हटलं, "पोरगं मिळणार न्हाय. चष्मे द्यायचे तर इथं आणून द्या, दरसाल नंबर काढून. स्टेजच करायचं असंल, तर साहेबांना उभं करा. त्यांनाबी चष्मा हायच की. त्यांनी तो काढावा आणि लोकांसमोर फलक वाचावा. माइक मी धरते."