चालू इंजिनाची वायर

उस्तादांच्या कानावर अख्ख्या गॅरेज-गल्लीचा भरवसा. बोनेट न उघडता ते गाडीचं दुखणं सांगायचे. गल्लीतले निम्मे मिस्त्री त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. कुणाचा हात चुकीच्या जागी गेला, की बोटांवर पाना बसलाच!

मग नव्या गाड्या आल्या. त्यांचा बिघाड कानाला ऐकूच येत नाही. कंपन्या गाडीच्या पोटात कॉम्प्युटर घालतात, पण तो कसा सांभाळायचा हे रस्त्यावरच्या मिस्त्रीला सांगायची वेळ आली, की त्यांची दातखीळ बसते. म्हणून मिस्त्र्यांच्या संघटनेनं भांडून एक शेड मिळवली, वर्गणी काढून एक वापरलेली गाडी आणली आणि शिकवणी सुरू केली. शिकवायला उस्तादांचीच लेक. बापाच्या गॅरेजात वाढलेली, पुढे हेच नवं तंत्र शिकून आलेली.

पहिल्याच दिवशी गाडी चालू करून तिनं विचारलं, "बॅटरी चार्ज होतेय की नाही, कसं बघाल?"

"त्यात काय बघायचंय?" म्हणत उस्ताद उठले. त्यांची जन्माची परीक्षा ठरलेली: चालू इंजिनात बॅटरीची वायर उपटायची. इंजिन चालत राहिलं, तर चार्जिंग ठीक. हात वायरीवर गेला आणि लेकीनं फाडकन चापट मारली.

"हात काढा! झटक्यानं कॉम्प्युटर जळेल!"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. उस्तादांनी फडक्याला हात पुसले आणि चालते झाले.

घरी बायकोला सगळं सांगून म्हणाले, "गॅरेज बंद. उद्यापासून शटर खाली."

"का हो? तुमच्या पान्याचा मार खाऊन कुणी धंदा सोडला होता?"

"मी शिकवायला मारायचो."

"मग तिनं काय आरती ओवाळायची होती?"

उस्तादांना जेवण गेलं नाही. चापटीपेक्षा ते 'जळेल' जास्त झोंबत होतं. मागच्या महिन्यात शेजारच्या नर्सबाईंच्या गाडीवर त्यांनी हीच परीक्षा केली होती. गाडी तिथंच मेली. "मालच कच्चा आहे," असं त्यांनी छातीठोक सांगितलं आणि बाई बिचाऱ्या तेव्हापासून ड्युटीला पायी जातायत.

सकाळी शिकवणी भरली, तर उस्ताद घामाघूम होऊन तीच गाडी शेडमध्ये ढकलत आणत होते. कालचा हसणारा धावत येऊन मागून ढकलू लागला.

"ही मी मारलीय," उस्ताद सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "हिच्यावर शिकव."

"बाबा, घरी बोलू ना..."

"घरी कशाला? तुझा तो वीज मोजायचा मीटर आण."

तिनं मीटर दिला. उस्तादांनी टोक टेकवलं, नेमकं चुकीच्या जागी. लेकीचा हात वर गेला आणि हवेतच थांबला.

"थांबलीस का?" उस्तादांनी बोटं पुढं केली. "मार की!"